फाइल उतरली, पण मशीन परत फिरले

पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम करते. विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि दिवाळीनंतरच्या ऑनलाइन परीक्षांसाठी प्रयोगशाळा क्रमांक ३ आणि ४ मधील साठही मशीनवर विंडोज ११ असावे, असे परीक्षा विभागाने लेखी कळवले. भाऊबीज २३ तारखेला होती. २४, २५ आणि २६ ऑक्टोबर असे तीन दिवस दोन्ही प्रयोगशाळा रिकाम्या मिळणार होत्या आणि तेवढ्यात हे काम उरकायचे होते. पेनड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपुढे पाऊण-पाऊण तास बसणे हा काही उपाय नव्हता. आमच्याकडे विंडोज सर्व्हर २०१९ वर डब्ल्यूडीएस (नेटवर्कवरून विंडोज वाटणारी सेवा) आणि त्याच्या जोडीला एमडीटी (ते टाकण्याचे टप्पे पार पाडणारे मायक्रोसॉफ्टचे साधन) आहे, आणि २०२१ साली याच सर्व्हरवरून नेटवर्कद्वारे दोन्ही प्रयोगशाळांत विंडोज १० टाकलेले होते. त्यामुळे मशीन चालू करून नेटवर्क बूट, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून सुरू होणे, निवडले की एका दिवसात काम होईल, असे मी विभागप्रमुखांना सांगून बसले होते.

आदल्या आठवड्यात मी खबरदारी म्हणून चाचणीही घेतली होती. सर्व्हर रूममध्ये हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या सोयीवर एक रिकामे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला संगणक, तयार केले, ते नेटवर्कवरून सुरू केले, एफ१२ दाबा अशी सूचना आली, ती कळ दाबली आणि पाच मिनिटांत एमडीटीचा विझार्ड समोर आला. ही चाचणी मला किती महागात पडणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती. ते व्हर्च्युअल मशीन पहिल्या पिढीचे, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणारे होते आणि ते सर्व्हरच्याच नेटवर्कमध्ये बसलेले होते. प्रयोगशाळेतील मशीनशी त्याचे फारसे साम्य नव्हते.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता प्रयोगशाळा ३ मधील तीसही मशीन मी आणि आमच्या प्रयोगशाळेचे मामा यांनी मिळून चालू केली. ही मशीन आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरची आहेत, म्हणजे विंडोज ११ च्या अटीत जेमतेम बसणारी. त्यांच्यावर विंडोज १० लेगसी, म्हणजे त्याच जुन्या बायोस पद्धतीने टाकलेले होते, म्हणून मी आधीच्या दोन दिवसांत प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये जाऊन यूईएफआय (बायोसची जागा घेणारी नवी पद्धत), सिक्युअर बूट (फक्त विश्वासू सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) आणि टीपीएम (सुरक्षेची चिप) चालू करून ठेवले होते. साडेनऊपर्यंत तीसपैकी एकही मशीन पुढे गेले नव्हते. मामांनी सगळ्या रांगांमधून एक फेरी मारली आणि म्हणाले, "मॅडम, सगळीच रुसली आहेत." मीही तेच मानले, आणि पहिला दिवस त्या एका "सगळीच" या शब्दापायी वाया गेला.

सगळ्यांना एकच आजार आहे असे समजल्यामुळे मी तो सर्व्हरवर शोधत राहिले. डब्ल्यूडीएसची सेवा दोनदा बंद करून चालू केली, बूट इमेज (मशीन सुरू करून देणाऱ्या छोट्या विंडोजची फाइल) पुन्हा चढवली, सर्व्हरची फायरवॉल तपासली, ज्ञात आणि अज्ञात अशा सर्व क्लायंटना उत्तर द्यावे हा पर्याय निवडलेला आहे ना ते पाहिले. संगणक पुरवठादाराकडून आलेल्या एका मुलाने सुचवले की सिक्युअर बूट बंद करा, लेगसीवर टाका, लगेच होईल. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, कारण लेगसीवर बूट खरोखरच झाले असते आणि ते का झाले असते हे मला संध्याकाळी कळले. पण विंडोज ११ ला यूईएफआयच लागते, त्यामुळे तो रस्ता पुढे बंदच होता.

दुपारी जेवण झाल्यावर मी वही घेतली आणि प्रत्येक मशीनपुढे उभे राहून पडद्यावर शेवटची ओळ कोणती येते ती उतरवून घेतली. हे खरे तर सकाळी पहिल्या दहा मिनिटांत करायला हवे होते. तीसपैकी चौदा मशीनवर "स्टार्ट पीएक्सई ओव्हर आयपीव्ही४" या ओळीनंतर काही वेळाने "पीएक्सई-ई१६: नो व्हॅलिड ऑफर रिसीव्हड" असा संदेश येत होता. उरलेल्या सोळा मशीनवर मात्र आयपी पत्ता मिळत होता, बूट फाइलचे नाव दिसत होते, "एनबीपी फाइल डाउनलोडेड सक्सेसफुली" (एनबीपी म्हणजे तीच बूट फाइल) अशी ओळही झळकत होती आणि पुढच्याच क्षणी पडदा काळा होऊन उत्पादकाचे बोधचिन्ह परत येत होते. एका गटाला कुणी दारात उभे करत नव्हते आणि दुसरा गट घरात जाऊन हात हलवत बाहेर येत होता. हे दोन वेगळे आजार होते.

नेटवर्क बूट म्हणजे एकामागून एक असे हातात हात देणे आहे. त्याच्या ज्या नियमावलीला आपण पीएक्सई म्हणतो ती म्हणजे इंटेलचा १९९९ सालचा मसुदा आहे आणि त्याने नवे असे फारसे काही आणले नाही. मशीन आधी डीएचसीपीला, म्हणजे नेटवर्कमधील पत्ते वाटणाऱ्या सेवेला, पत्ता मागते, त्याच विनंतीत आपण पीएक्सई क्लायंट आहोत आणि आपली जात कोणती हेही सांगते, मग कुणीतरी त्याला बूट फाइल कुठे आहे ते कळवतो, ती फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतूक पद्धतीने उतरते, ती फाइल पुढे विंडोज पीई नावाची छोटी विंडोज आणते आणि ती छोटी विंडोज मग स्वतःच्या ड्रायव्हरने पुन्हा नेटवर्कला जोडून घेऊन खरी इमेज ओढते. यातला प्रत्येक टप्पा वेगळ्या पोर्टवर, पुष्कळदा वेगळ्या सर्व्हरशी आणि वेगळ्या नियमाने चालतो, पण तक्रार मात्र एकाच वाक्यात होते: पीएक्सई होत नाही.

चौदा मशीनचा माग आधी लागला. ती सगळी खिडकीकडच्या दोन रांगांतील होती आणि त्या रांगा ज्या स्विचवर येतात तो स्विच उन्हाळ्याच्या सुट्टीत बदललेला होता. त्याच सुट्टीत आमच्या नेटवर्कच्या कंत्राटदाराने पूर्वीचे एकच सलग नेटवर्क मोडून प्रत्येक प्रयोगशाळेसाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचे स्वतंत्र नेटवर्क, केले होते. मशीन चालू झाल्यावर स्विचच्या पोर्टवरील दिवा मी पाहत राहिले, तर तो बराच वेळ पिवळा राहून मग हिरवा होत होता. हे स्पॅनिंग ट्रीचे लक्षण आहे. नेटवर्कमध्ये वेटोळे होऊ नये म्हणून स्विच नव्याने जागा झालेला पोर्ट लगेच उघडत नाही, पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि त्यानंतर रहदारी जाऊ देतो. पीएक्सईच्या मसुद्याप्रमाणे क्लायंटने चार, आठ, सोळा आणि बत्तीस सेकंद, म्हणजे एकूण एक मिनिट थांबून पुन्हा पुन्हा विचारायचे असते, त्यामुळे कागदावर तीस सेकंदांचा उशीर त्याला सोसायला हवा. पण आमच्या मशीनचे फर्मवेअर, म्हणजे त्यांच्यात मुळातच भरलेले सॉफ्टवेअर, एवढा धीर धरत नव्हते. मोबाइलवर वेळ लावून पाहिले, तर ते वीस-बावीस सेकंदांतच हार मानत होते. रोजच्या वापरात हा दोष चार महिने कुणाच्या लक्षात आला नाही, याचे कारण विंडोज सुरू होऊन डेस्कटॉप दिसेपर्यंत ते तीस सेकंद कधीच उलटून गेलेले असत.

खात्री करण्यासाठी मी जुनी युक्ती केली. कपाटातला आठ पोर्टचा साधा, कोणतीही सेटिंग नसलेला स्विच काढला, भिंतीतली केबल त्यात लावली आणि त्यातून एक केबल मशीनला दिली. आता मशीन बंद-चालू झाले तरी मोठ्या स्विचच्या दृष्टीने पोर्ट अखंड जागाच राहत होता. त्या मशीनला तिसऱ्या सेकंदाला पत्ता मिळाला. मग कंत्राटदाराला फोन लावला. त्यांच्याकडे पाहुणे होते, मागे लहान मुलांचा गलका ऐकू येत होता, तरी त्यांनी लांबून जोडून घेऊन स्विचच्या चोवीसपैकी मशीनच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच उघडण्याची सोय) चालू करून दिले आणि त्यासोबत बीपीडीयू गार्डही (वेटोळे होताना दिसले तर पोर्ट बंद करणारी सोय) लावला, कारण आमच्याकडे एकाच केबलची दोन्ही टोके भिंतीत खोचून ठेवणारे विद्यार्थी दर वर्षी निघतात.

चौदा मशीनना आता पत्ता मिळू लागला आणि तीही उरलेल्या सोळांच्या पंक्तीला जाऊन बसली. सगळी तीस मशीन फाइल उतरवून परत फिरू लागली. मामांना ही प्रगती आहे हे पटवून देणे अवघड गेले.

"डाउनलोडेड सक्सेसफुली" ही ओळ वाचल्यावर माणूस साहजिकच फाइलीपर्यंतचे सगळे बरोबर आहे असे धरतो आणि दोष पुढे शोधतो. मीही सिक्युअर बूटकडे संशयाने पाहू लागले होते. शेवटी स्विचवर एका मशीनच्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढली, तिथे लॅपटॉप लावला आणि नेटवर्कवरची रहदारी दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये डीएचसीपीची पाकिटे तेवढी गाळून पाहिली. डीएचसीपीत माहितीच्या क्रमांक दिलेल्या रकान्यांना पर्याय म्हणतात. मशीनच्या विनंतीत पर्याय ६० मध्ये "पीएक्सईक्लायंट:आर्च:००००७" असे लिहिलेले होते आणि पर्याय ९३ मध्येही सात हाच आकडा होता. शून्य म्हणजे बायोस आणि सात म्हणजे चौसष्ट बिटचे यूईएफआय. मशीन आपली जात स्पष्ट सांगत होते. उत्तरात मात्र पर्याय ६७ मध्ये बूट फाइलचे नाव आले होते "डब्ल्यूडीएसएनबीपी डॉट कॉम", आणि ही फाइल बायोसची आहे. यूईएफआयने ती इमानदारीने उतरवून घेतली, उघडून पाहिली, आपल्या कामाची नाही हे ओळखले आणि एक अक्षरही न बोलता ठेवून दिली.

हे नाव डीएचसीपी सर्व्हरवर माझ्या आधीच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेले होते. पर्याय ६६ मध्ये डब्ल्यूडीएसचा पत्ता आणि ६७ मध्ये फाइलचे नाव. २०२१ साली मशीन लेगसीवर होती, म्हणून ते चालले. मी ती यूईएफआयवर नेली आणि नकळत त्यांना त्या फाइलीला पारखे केले. माझे व्हर्च्युअल मशीन बायोसचे होते, म्हणून तेही चालले. हे दोन पर्याय मुळात आंधळे आहेत. समोर कोण विचारतो आहे हे न पाहता ते सगळ्यांना एकच नाव सांगतात. त्याऐवजी मशीनची विनंती थेट डब्ल्यूडीएसपर्यंत पोचू दिली, तर तो आर्किटेक्चर पाहून ज्याला जी हवी ती फाइल देतो. पूर्वी सगळे एकाच नेटवर्कमध्ये असताना ती आपोआप पोचत असे, पण व्हीलॅन वेगळे झाल्यावर मध्यवर्ती स्विच ही हाक पुढे पाठवतो ती फक्त त्याला दिलेल्या पत्त्यांवर, आणि कंत्राटदाराने तिथे एकट्या डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता दिलेला होता. मी ६६ आणि ६७ हे पर्याय काढून टाकले आणि मध्यवर्ती स्विचवर दोन्ही प्रयोगशाळांच्या व्हीलॅनसाठी हेल्पर म्हणून डब्ल्यूडीएसचा पत्ता दुसऱ्या ओळीत घालून घेतला. पर्याय ६० घाला असाही सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण तो डीएचसीपी आणि डब्ल्यूडीएस एकाच सर्व्हरवर असतील तेव्हाच कामाचा आहे. आमचे वेगळे आहेत, तिथे तो घातला असता तर नवाच घोटाळा झाला असता.

रात्री साडेसात वाजता पहिल्या मशीनने योग्य फाइल घेतली आणि मी सवयीने एफ१२ दाबत राहिले. काही सेकंदांनी मशीनने नेटवर्क बूट सोडून दिले. दुसऱ्या वेळी पडदा नीट वाचला, तर यूईएफआयच्या फाइलीची सूचना एंटर दाबा अशी होती. एंटर दाबले आणि विझार्ड आला. शनिवारी दुपारपर्यंत प्रयोगशाळा ३ पूर्ण झाली आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखे आणखी काही नाही.

प्रयोगशाळा ४ मध्ये गेल्या वर्षी घेतलेली नवी मशीन आहेत. तिथे परीक्षा होतात, म्हणून त्या व्हीलॅनवर कंत्राटदाराने कडक अ‍ॅक्सेस लिस्ट लावलेली आहे आणि आतून बाहेर जाणारी रहदारी ठरावीक पोर्टपुरतीच सोडली जाते. हे माहीत असल्यामुळे डब्ल्यूडीएसच्या पत्त्यासाठी ६७, ६९, ४०११ आणि फाइल शेअरिंगचा ४४५ हे पोर्ट मी आधीच उघडून घेतले होते आणि स्वतःवर खूश होते. मशीन चालू केले. पत्ता मिळाला, बरोबर फाइलचे नाव आले, तिचा आकार बाइटमध्ये अचूक दिसला आणि मग तिथेच कर्सर लुकलुकत राहिला. मिनिटभराने "पीएक्सई-ई१८: सर्व्हर रिस्पॉन्स टाइमआउट". ज्या सर्व्हरने आताच फाइलचा आकार सांगितला, तो उत्तर देत नाही असे मशीनचे म्हणणे होते.

यावेळी मी सर्व्हरकडे धावले नाही. दोन्ही टोकांना, म्हणजे सर्व्हरवर आणि प्रयोगशाळेतील नक्कल पोर्टवर, एकाच वेळी पाकिटे टिपली आणि दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. मशीनची मागणी सर्व्हरच्या पोर्ट ६९ वर पोचली होती. सर्व्हरने होकार पाठवला, तोही मशीनपर्यंत आला होता. मशीनने पोच पाठवली, ती प्रयोगशाळेच्या बाजूला दिसत होती. सर्व्हरच्या बाजूला मात्र ती आलीच नव्हती, म्हणून बिचारा सर्व्हर तोच होकार पुन्हा पुन्हा पाठवत होता. फरक पोर्टच्या रकान्यात होता. टीएफटीपीमध्ये ६९ हा पोर्ट केवळ पहिली हाक ऐकण्यासाठी असतो. उत्तर देताना सर्व्हर स्वतःसाठी एक नवाच पोर्ट उघडतो आणि पुढचा सगळा व्यवहार, फाइलचा प्रत्येक तुकडा आणि प्रत्येक पोच, त्या नव्या पोर्टवर चालतो. मशीनची पोच ६९ वर जात नव्हती, पन्नास हजारांच्या पुढच्या कुठल्यातरी आकड्यावर जात होती, आणि अ‍ॅक्सेस लिस्ट ती वाटेतच टाकून देत होती. आकार कळण्यासाठी सर्व्हरचे एकच उत्तर पुरेसे असते, म्हणून आकार दिसला. फाइल येण्यासाठी मशीनची पोच परत जावी लागते, म्हणून फाइल आली नाही. १९९२ साली पक्क्या झालेल्या या नियमावलीत मुळात ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचे आणि मग पुढचा पाठवायचा, अशी पद्धत आहे. नंतरच्या सुधारणांनी तुकडा मोठा करता येऊ लागला, पण ठरावीक अंतराने पोच मिळाल्याशिवाय पुढे न जाण्याचा स्वभाव राहिला.

परीक्षेच्या व्हीलॅनमधून वरचे सगळे पोर्ट उघडे सोडा असे सांगण्याची माझी हिंमत नव्हती आणि कंत्राटदारानेही ते ऐकले नसते. डब्ल्यूडीएसच्या गुणधर्मांमध्ये नेटवर्क या पानावर सर्व्हरने पोर्ट कुठून घ्यावेत हे ठरवता येते. तिथे वाटेल तो पोर्ट घेण्याऐवजी ६४००१ ते ६५००० ही ठरावीक मर्यादा निवडली, सेवा पुन्हा सुरू केली आणि अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये तेवढ्याच हजार यूडीपी पोर्टची (टीएफटीपी याच प्रकारच्या पोर्टवर चालते), तीही फक्त त्या एका सर्व्हरसाठी, ओळ घालून घेतली. रविवारी सकाळी दहा वाजता प्रयोगशाळा ४ मधील पहिल्या मशीनवर विंडोज पीईची निळसर पार्श्वभूमी आली.

आणि विझार्डऐवजी एक चौकट आली: डिप्लॉयमेंट शेअरशी (सर्व्हरवरचे इमेज ठेवलेले फोल्डर) संपर्क होऊ शकला नाही, पुढील नेटवर्क उपकरणाचा ड्रायव्हर नाही. एफ८ दाबून काळी खिडकी उघडली आणि नेटवर्क कार्डांची यादी दाखवणारी आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवली. "विंडोज आयपी कॉन्फिगरेशन" एवढे शीर्षक आले आणि त्याखाली काहीच नाही, एकही कार्ड नाही. ज्या कार्डावरून हे विंडोज पीई एवढ्यात उतरले होते, ते कार्ड त्याला दिसत नव्हते. यात विसंगती नाही, कारण तोवर कार्ड चालवणारे मशीनचे फर्मवेअर होते आणि आता विंडोज पीईला स्वतःचा ड्रायव्हर हवा होता. आमची बूट इमेज २०२१ ची होती. दोन्ही प्रयोगशाळांत इंटेलचे आय२१९ कार्ड आहे, म्हणून मी निर्धास्त होते, पण नाव तेच राहिले तरी पिढीगणिक या कार्डाचा ओळखक्रमांक बदलतो आणि जुना ड्रायव्हर नव्या क्रमांकाला ओळख देत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून विंडोज पीईसाठीचा ड्रायव्हर संच घेतला, एमडीटीमध्ये घातला, डिप्लॉयमेंट शेअर अपडेट केला, आणि तरीही तीच चौकट आली. तासाभराने ध्यानात आले की एमडीटीने नवी इमेज त्याच्या फोल्डरमध्ये तयार करून ठेवली होती, पण डब्ल्यूडीएस अजून आपल्याजवळची जुनीच वाटत होता. ती बदलल्याबरोबर काम सुरू झाले. एमडीटीला विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पाठिंबा नाही आणि विंडोज ११ च्या डिस्कमधली बूट इमेज थेट डब्ल्यूडीएसवरून वापरून विंडोज टाकायची सोयही काढून घेतलेली आहे, त्यामुळे ही व्यवस्था आणखी किती वर्षे टिकेल ते दिसतेच आहे. त्या रविवारी मात्र तिने तीस मशीन रात्री नऊपर्यंत पार पाडली.

सोमवारी सकाळी परीक्षा विभागाच्या मॅडमनी त्या हजार पोर्टची ओळ पाहिली आणि परीक्षा सुरू होण्यापूर्वी ती काढून टाका असे सांगितले. मला ते पटले आणि कंत्राटदाराने दुपारी ती काढली. म्हणजे पुढच्या वेळी प्रयोगशाळा ४ मधील मशीन पुन्हा फाइलचा अचूक आकार सांगून तिथेच थबकतील, आणि तेव्हा त्यांच्यासमोर मीच असेन असे नाही. म्हणून सर्व्हर रूममधील कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने मी एक कागद चिकटवला आहे. त्यावर डब्ल्यूडीएसचा पत्ता आहे, कंत्राटदाराचा फोन नंबर आहे आणि खाली लिहिले आहे: प्रयोगशाळा ४, यूडीपी ६४००१ ते ६५०००, मशीन चालू करण्याच्या आधी उघडून घेणे, परीक्षेच्या आधी बंद करणे.